खड्यातली रेघ

पृथ्वीच्या पोटात असतो तसला दाब आणि उष्णता देऊन खडा फोडायचा आणि फुटेपर्यंत त्याचे एक्स-रे काढत राहायचे, हे प्रोफेसरांचं काम. शेवटी शेवटी ते कॅमेरा खड्याच्या अगदी जवळ न्यायचे; तेव्हा खड्यात केसाएवढी बारीक रेघ दिसते आणि तासाभरात खडा फुटतो, हा त्यांचा शोध. त्या रेघेनं त्यांचं नाव झालं.

यंत्र चालवणाऱ्या बाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "सर, ही रेघ मला खड्यातली वाटत नाही. एकदा कॅमेऱ्याची काच बघू या का?"

"बाई, बटणं तुम्ही सांभाळा, दगड मी सांभाळतो," प्रोफेसर सगळ्यांदेखत म्हणाले. सगळे हसले. बाईंनी खाली घातलेली मान पुन्हा त्यांच्यासमोर वर केली नाही. प्रोफेसरांना त्याची लाज वाटायची. पण माफी मागायला जीभ काही रेटली नाही, आणि बघता बघता चार वर्षं गेली.

आज पाहुणे शोध बघायला आले होते. इतक्या जवळून खडा म्हणजे पडद्यावर नुसता करडा रंग. त्या करड्या रंगात ती बारीक रेघ दिसताच प्रोफेसरांनी बोट ठेवलं.

"ही बघा. आता तासाभरात हा खडा फुटणार."

टाळ्या सुरू झाल्या. बाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या,



"सर, खडा अजून माझ्या हातातच आहे."