एकदा उडताना

कोरिनने काचेचं झाकण गाडीच्या टपावर ठेवलं आणि चेंडू नुसत्या हाताने उचलला. पलीकडे उभ्या असलेल्या, संग्रहालयातून आलेल्या हॅचचा चेहरा पडला. सकाळपासून तो तिच्या वडिलांचा जुन्या बेसबॉलचा सगळा संग्रह पांढरे हातमोजे घालूनच खोक्यांत भरत होता. वल्ह्याएवढ्या जाड बॅटी, पिंजऱ्यासारखा तारेचा मुखवटा, आतला कापूस बाहेर आलेले चामडी पंजे, सगळं त्याच्या गाडीत गेलं होतं. राहिला होता तो हा एक चेंडू.

"मॅडम, घामाने चामडं खराब होतं."

"होऊ दे. आज त्याचं तसंही काय व्हायचं ते होणारच आहे."

चेंडू काळसर, अक्रोडासारखा. संत्र्याचं साल चार पाकळ्यांत सोलावं तसा चामड्याचा एकच तुकडा कापून कुणीतरी हाताने शिवलेला. त्या काळी हरलेला संघ सामन्याचा चेंडू जिंकलेल्यांना देई. ते त्याला सोनेरी रंग देत, वर धावा लिहीत आणि कपाटात मांडून ठेवत. या चेंडूवरच्या सोन्यात एकोणिसाव्या शतकातलं एक साल अर्धंमुर्धं शिल्लक होतं.

"आधी शिवण बघा ती," हॅच म्हणाला. "एक फटका बसला की संपलं. असे चेंडू आता किती उरलेत, ठाऊक आहे तुम्हाला?"

कोरिनला ठाऊक होतं. जेवणघरातल्या कपाटावर, काचेखाली, ती तो लहानपणापासून बघत आली होती. घर आता रिकामं झालं होतं. हाही गेला की वडिलांचं म्हणून हातात धरावं असं काही उरणार नव्हतं. पण तिचे वडील, वेंडेल थेयर, शेवटच्या दिवसांत इस्पितळातल्या उशीवरून एवढंच म्हणाले होते, "जन्मभर बसलेला बघितला त्याला. एकदा उडताना बघायचा राहिला."

कुरणात मंडळी जमली होती. डोंगरावरून उतरणारं ऊन गवतावर रेंगाळत होतं. आखूड विजारी आणि लोकरी टोप्या घातलेले खेळाडू, धावायच्या टप्प्यांच्या खुणा म्हणून ठेवलेल्या वाळूच्या पिशव्यांपाशी उभे होते. वेंडेल यांच्या या संघाचा नियमच होता, खेळायचं ते जुन्या पद्धतीने, हातमोज्यांशिवाय. पंच लाइल पॉमरॉय, वेंडेल यांचे दोस्त, उंच काळी हॅट घालून स्टुलावर बसले होते.

"पोरी, अजून वेळ आहे," ते हलकेच म्हणाले. "घरी घेऊन गेलीस तरी कुणी काही बोलणार नाही."

कोरिनने चेंडू गोलंदाजाच्या हातात दिला. बोटं सोडवायला तिला जरा वेळ लागला.

फलंदाज होता गावचा बेकरीवाला एमेट. "मी हळूच मारतो हं," तो पुटपुटला.

"हळूच मारायला ते अंडं आहे का?" दूरच्या पिशवीवरून बर्ट ओरडला. "म्हातारा वरून शिव्या देईल तुला!"

गोलंदाजाने खालून हात फिरवून चेंडू टाकला. एमेटने डोळे मिटले असावेत, पण फटका नेमका बसला. टाळ्या वाजल्या नाहीत. आवाज आला तो जुनं दार उघडल्यासारखा.

चेंडू वर गेला. डोंगराच्या रेषेवर, मग तिच्याही वर. तिथे त्याची शिवण सुटली. चामड्याच्या चार पाकळ्या उलगडल्या आणि आतून लोकर निघू लागली, करडी, मग लाल, मग पुन्हा करडी. कुणाचे तरी पायमोजे उसवून ती गुंडाळली असणार. धागा सुटतच राहिला. वाऱ्याने तो उचलला आणि कुरणावर आडवा धरला. एमेट धावता धावता वर बघायला लागला आणि दोन पिशव्यांच्या मध्येच थांबला.

चामडं फिरत फिरत खाली आलं. बर्टने ते ओंजळीत झेललं.

"बाद!" तो नाचत म्हणाला.

"सालपट घेऊन काय नाचतोस?" गवतातून एमेटच्या बाजूची जोन उठली. तिच्या हातात रबराचा एक काळा गोळा होता. "कोय इकडे पडलीय, माझ्या पायाशी. नाबाद आहे तो!"

"मग मी झेललं ते काय?"

"टोपी शिव त्याची!"

सगळे हसले आणि लाइलकडे वळले. लाइल स्टुलावरून उठले. त्यांनी हॅट काढली, पुन्हा घातली.

"मला दिसलं नाही," ते म्हणाले. "ऊन डोळ्यांवर आलं."

ऊन त्यांच्या पाठीमागे होतं. 

जुन्या खेळात पंचाला दिसलं नाही, तर तो कडेला बसलेल्यांना विचारी. ते सांगतील तो निकाल, मग त्यावर वाद नाही. लाइल गवत तुडवत कोरिनपाशी आले आणि रीतीप्रमाणे किंचित झुकले.

"बाईसाहेब, आपण पाहिलंत. चेंडू झेलला गेला की जमिनीवर पडला?"

बर्टने चामडं पुढे धरलं, जोनने रबर. कोरिनने दोन्हींकडे पाहिलं नाही. ती वर बघत होती. लोकरीचा धागा अजून वाऱ्यावर होता, ऊन लागलं की दिसत होता, नाही लागलं की नाही. हळूहळू तो नदीकडे सरकत होता.

"अजून खाली आलेला नाही," ती म्हणाली.

लाइलनी मान वर केली. मग बर्टने, जोनने, गाडीपाशी उभ्या असलेल्या हॅचनेही.

"अहो, मग मी काय करू?" एमेटने विचारलं. "पळू, का परत जाऊ?"

"थांब की जरा," लाइल म्हणाले.