राणीबट

छप्पन सालची सौंदर्यस्पर्धा जिंकलेली ती पोरगी लग्नानंतर महिन्याभरातच माझ्या पार्लरच्या मागच्या दाराने आत शिरली. उजवा डोळा सुजून बंद झालेला.

"ताई, तासाभरात माझ्या हस्ते एका दुकानाचं उद्घाटन आहे, आणि ह्यांनी आज नेमकं तोंडावरच मारलं."

मी केसांची एक जाड बट डोळ्यावरून गालापर्यंत ओढली आणि पिना खोचून बसवली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. आठवड्याभरात शहरातल्या पोरी रांग लावून 'राणीबट' मागायला लागल्या. हौसेला मोल नसतं म्हणतात ते हेच! माझा धंदा फोफावला, म्हणून मीही तोंडाला कुलूप लावलं. नऊ वर्षं मी तिची बट बसवत राहिले, कधी डोळ्यावर, कधी फुटलेल्या कानावर.

दहाव्या वर्षी एका सकाळी ती पुढच्या दाराने, भर गिऱ्हाइकांत आली. हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले, पण तिच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. मी सवयीने बट पुढे ओढली, तर तिने माझं मनगट धरलं.



"आज सगळे केस मागे घेऊन घट्ट बांधा, ताई. पोलिसांच्या फोटोत दोन्ही डोळे दिसावे लागतात."