लोकांना म्हणता यावं म्हणून

पुण्यात नऊ वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेली मालिनी लग्नानंतर जर्मनीत लुडविग्सहाफेनला आली. रियाज सुटला, तशी ती गाणंच सोडून बसली. घरमालकीण फ्राऊ लांग कितीदा आग्रह करायच्या, पण ही नुसती मान हलवायची.

१९६३ सालच्या एका रविवारी दुपारी तिचा नवरा श्रीपाद तिला एका अमेरिकन ब्लूज गायकाच्या मैफलीला घेऊन गेला. गायक म्हातारा, आवाज फाटका, गिटारवर फिरून फिरून तेच सूर. पण तिसऱ्या गाण्याला सगळं सभागृह त्याच्याबरोबर गुणगुणत होतं.

मैफल संपल्यावर मालिनीने धीर करून त्याला विचारलंच, "इतकं सोपं गाता, लोक काय म्हणतील असं नाही वाटत?"

तो हसला. "अहो बाई, लोकांना म्हणता यावं म्हणूनच तर सोपं गातो."

दुसऱ्या दिवशी फ्राऊ लांगच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता मालिनीने एक ओवी सुरू केली. फ्राऊ लांगना शब्द कळेनात, पण चाल लगेच जमली. बघता बघता त्या मोकळ्या गळ्याने गाऊ लागल्या.

त्यांची वीस वर्षांची मुलगी उर्सुला धावत दारात आली आणि तिथेच थबकली.

"आईला गाता येतं?" तिने मालिनीला हळूच विचारलं. तिचे वडील युद्धात गेले, तेव्हा ती पाळण्यात होती.