थॉर्नवेलांचं बासष्टावं पत्र

“हा विल्यम बहिणीला चार पानं बदकांविषयी लिहितो, आजोबा! सोल्जर्सविषयी एक ओळ नाही.”

नेत्राने कपाळ टेबलावर टेकलं. मोरेश्वररावांनी पुढचं पत्र अलगद उलगडलं.

“अजून बावीस उरलीत. धीर धर.”

वेस्ट विंडसरच्या त्या स्वयंपाकघरात आठवडाभर थॉर्नवेल घराणं मुक्कामाला होतं. अडीचशे वर्षांपूर्वीचे बडे जमीनदार. भाऊ विल्यम फिलाडेल्फियात, बहीण अबिगेल इथे गावाबाहेरच्या दगडी घरात, आणि दोघांमध्ये पत्रांचा रतीब. त्या घराची देखभाल आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नेत्राच्या ऑफिसकडे होती, आणि एका कंपनीला तिथे गोदाम बांधायचं होतं. स्वातंत्र्ययुद्धात अबिगेलने चाळीस जखमी सैनिक घरात ठेवून घेतले होते, असं गावातले म्हातारे सांगत. लेखी पुरावा मिळाला तर घर वाचणार. नाही तर बुलडोझर.

नेत्राच्या ऑफिसात ती वळणदार अक्षरं कुणाला लागेनात. मोरेश्वररावांनी पुण्यात दप्तरखान्यात अडतीस वर्षं मोडी वाचली होती.

“मोडीपुढे हे म्हणजे बाराखडी,” ते म्हणाले. “आणि माणसं अगदी आपल्यासारखी. आधी तब्येत, मग तक्रार, शेवटी अमुक पाठवून दे. फक्त कागदाची उधळपट्टी बघ. अर्धं पान लिहायचं, अर्धं कोरं सोडायचं. जमीनदारी थाट!”

रविवारी एकसष्टावं पत्र संपलं. दातदुखी होती, घोडी व्याली होती, चहा महागला होता. सैनिक नव्हते.

“इट्स ओके, आजोबा,” नेत्रा म्हणाली. बाहेर जाऊन गाडीत बसली. गाडी काही सुरू केली नाही. मोरेश्वरराव खिडकीतून बराच वेळ बघत राहिले.

सोमवारी ते शेजाऱ्यांच्या गाडीतून एडिसनला गेले आणि ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून हिरडे घेऊन आले.

“माझ्या लोखंडी कढईत काय उकळताय?” रत्नाबाईंनी विचारलं.

“हिरड्याचा काढा. पोट ठीक नाही.”

“काढा पातेल्यात करतात.”

“कढईतून लोह मिळतं.”

“अठ्ठेचाळीस वर्षं तुमचं पोट ऐकतेय मी. लोहाचं आजच कळलं.”

मंगळवारभर ते पत्रं पुन्हा पहिल्यापासून वाचत बसले. चहासुद्धा टेबलावर नको म्हणाले, सांडेल.

बुधवारी नेत्रा कामावरून आली, तेव्हा ते दारातच उभे होते.

“एकोणचाळिसाव्याच्या घडीत अडकलं होतं. बस आधी. विल्यमच आहे.” त्यांनी चष्मा सारखा केला आणि मराठीत सांगत वाचलं, “‘चाळीस जखमी माणसं घरात घेतलीस, आईच्या चादरी फाडून पट्ट्या केल्यास, आणि मला विचारतेस बदकांचं काय करू? बदकं शिजव, अबिगेल!’”

नेत्रा आधी हसली. मग रडली. मग आजोबांच्या गळ्यात पडून दोन्ही करू लागली.

कंपनी गप्प बसणार नव्हतीच. त्यांनी न्यूयॉर्कहून एक तज्ज्ञ बाई आणली. तिने पत्र सहा आठवडे ठेवून घेतलं.

“आजोबा, ती फेक म्हणाली तर?”

“तिच्या बापाची बिशाद नाही,” मोरेश्वरराव म्हणाले आणि निवांत पेपर वाचत बसले.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. नेत्राने मराठी मंडळालाही बोलावलं होतं. दोन रांगा त्यांच्याच. मोरेश्वरराव इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत. शेजारी रत्नाबाई.

तज्ज्ञ बाई उभी राहिली. नेत्राने आजोबांचा हात घट्ट धरला.

“मी खोट काढायलाच आले होते,” बाई म्हणाली. “कागद त्याच काळचा, त्याच घराण्याचा. शाई जुन्या पद्धतीची, तुरट काढ्यात लोखंड उतरवून केलेली. अक्षर विल्यम थॉर्नवेलचं, यात मला शंका नाही. त्याचा ‘डब्ल्यू’ डावीकडे कलतो, इथेही कलतो.”

टाळ्या झाल्या. कंपनीच्या वकिलाने फाइल मिटली. मोरेश्वररावांनी मागे वळून मंडळाच्या रांगांकडे हसून मान हलवली, सत्काराला उठावं तशी.

“फक्त एक कुतूहल,” बाई म्हणाली. “बाकी एकसष्ट पत्रांवर हे कुठेच नाही. घराण्याची काही खूण असावी. कुणाला माहीत असेल तर मला सांगा, प्लीज.”

तिने पत्राचा वरचा भाग मोठा करून पडद्यावर टाकला. रत्नाबाईंनी सवयीने हात जोडले आणि तसेच धरून ठेवले. मंडळाच्या दोन्ही रांगांतल्या माना एकदम मोरेश्वररावांकडे वळल्या.

‘माय डिअर सिस्टर’च्या वर, पानाच्या अगदी मधोमध, बारीक वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘श्री’.