रक्ताचा तक्ता

गोंदियाच्या रेल्वेच्या मजूरभरतीत डॉक्टरांनी रुख्माच्या बोटातला थेंब टिपकागदावर घेतला आणि विलायतेहून आलेल्या रंगांच्या तक्त्याशी लावून पाहिला. "रक्त फिकं आहे. अशक्त आहेस, जा घरी."

दिवसदिवस चिखलात वाकून धानाचा रोवणा करणाऱ्या रुख्माला आजवर कुणी अशक्त म्हटलं नव्हतं. "केशोरीहून दोन दिस पायी आलो जी आमी साऱ्या बाया! तुमचं रगत पाहा बरं!"

डॉक्टरांनी हसत स्वतःचं बोट टोचलं. थेंब तक्त्यावर तिच्याच फिक्या रंगाशी जुळला, तसं त्यांचं हसू विरलं. "हा तक्ता तिकडच्या माणसांचा. आपला वेगळा करायला हवा. तुझ्या गावातल्या धडधाकट बाया घेऊन ये."

"आता कोठून आणू जी?" रुख्मा म्हणाली. "सकाळपासून तुमी घरी धाडल्या, त्याच होत्या."