टँकरचे किलोमीटर

दुष्काळात एसटी डेपोनं ड्रायव्हर गोरोबाला दूध संघाच्या टँकरवर, गावोगाव पाणी पोचवायला, वर्षभर उसनं दिलं होतं. विनाअपघात पाच लाख किलोमीटरचा बिल्ला द्यायची वेळ आली, तेव्हा डेपोच्या साहेबांना टँकरचे किलोमीटर खोटे वाटले. "गावातच विचारू," म्हणत ते गोरोबाला घेऊन भूमजवळच्या बौद्धवस्तीत आले. हापशावर मुक्ताबाई घागर भरत होती. "दुष्काळात टँकर हाच माणूस आणायचा का?" साहेबांनी वही उघडत विचारलं. मुक्ताबाईनं वहीकडं पाहिलं, मग गोरोबाकडं. पाणी चावडीवरच ओतायचा हुकूम मोडून टँकर वस्तीपर्यंत आणणारा तो एकटाच होता. "न्हाय साहेब, ह्यांना म्या कधी बघितलं न्हाय." साहेब वहीत शेरा लिहून जीपकडं निघाले. गोरोबाही मागं निघाला. मुक्ताबाई त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "घाबरू नका भाऊ. कुणीबी विचारू दे, तुमचं नाव आमी सांगणार न्हाय."