बिनतेलाचा डबा

दुसऱ्या डब्याचं झाकण निघालं आणि सूनबाई वाकून आत बघू लागली. गहू लख्ख होते. औषधालासुद्धा एक किडा नव्हता.

दुसऱ्या कुठल्याही सुनेला याचा आनंद झाला असता. हिला मात्र त्या डब्यात किडे वळवळायला हवे होते. धान्यातली कीड निलगिरीच्या तेलाने मरते, हे तिला सिद्ध करायचं होतं. दोन सारखे डबे, सारखेच गहू, दोन्हींत तिने स्वतःच्या हातांनी सोडलेले जिवंत सोंडे. तेल फक्त पहिल्या डब्यात. आज तपासणीला घरी आलेल्या समितीला फरक दिसला तर तिची शिष्यवृत्ती चालू राहणार होती, नाहीतर संशोधन गुंडाळून घरी बसायचं होतं.

प्रयोग घरच्या कोठीत चालला होता, कारण संस्थेच्या प्रयोगशाळेत सत्कार समारंभाच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. डबे समितीसमोरच उघडायचे, असा तिच्या मार्गदर्शक सरांचा दंडक होता. तिने तो इमानेइतबारे पाळला होता.

समितीचे अध्यक्ष पुन्हा पहिल्या डब्याकडे वळले. त्यात वरच मेलेल्या सोंड्यांचा थर होता. त्यांनी चष्मा पुसला, आळीपाळीने दोन्ही डबे न्याहाळले आणि निकाल दिला.

"तेल नाही तिथे किडा नाही. तेल आहे तिथे किडेच किडे. म्हणजे तेलानेच कीड लागते."

सदस्यांनी माना डोलावल्या. सकाळपर्यंत 'आमचा प्रयोग' म्हणणारे सर आता 'यांचा प्रयोग' म्हणू लागले. ते किडे मेलेले आहेत, दुसऱ्या डब्यातच काहीतरी गडबड झाली आहे, असं ती जीव तोडून सांगत होती. पण गडबड शोधणं समितीच्या कक्षेत येत नव्हतं. शिष्यवृत्ती बंद करायची शिफारस झाली. मग चहा झाला, चहाचं तोंडभरून कौतुक झालं आणि गाडी निघून गेली.

ती कोठीतच खाली बसली आणि रडू लागली. सासूबाई शेजारी येऊन टेकल्या. लग्नानंतरही सुनेने शिकावं म्हणून साऱ्या घराशी त्याच भांडल्या होत्या. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडतेस कशाला? एवढी परकी माणसं येऊन गेली, पण तुझ्या या डब्यातल्या गव्हाला कुणाला नाव ठेवता आलं का? तू कामाला गेलीस की मी हा डबा चाळून, निवडून ठेवायचे. नुसता बुजबुजाट असायचा बघ."

तिने डोळे पुसले. मग विचारलं, "आई, आणि तेलाचा डबा?"

"त्याला हात लावायची वेळच आली नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्यातले सगळे पहिल्याच आठवड्यात मेले होते."